आप्पांची कोळंबी

सासूबाई गेल्या आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, बोलायचेच थांबले. ताट त्यांच्या खोलीत न्यायचं आणि अर्धं परत आणायचं, असं चाललं होतं. माणूस डोळ्यांदेखत हातातनं निसटत होता आणि आम्हा नवरा-बायकोला काही सुचत नव्हतं.

घरात समुद्र आणायचं खूळ माझंच, आणि ते काही आप्पांसाठी नव्हतं. वडगावातल्या आमच्या घरी खाली जिथं पूर्वी माग चालायचे, त्या रिकाम्या खोलीत मी काचेची मोठी टाकी मांडली. पाण्यात खास मीठ कालवलं, दगड रचले आणि महिनाभर नुसत्या पाण्याकडं बघत बसले. पाणी मुरल्याशिवाय त्यात जीव सोडायचे नसतात. नवरा म्हणाला, "लोणचं घातलंयस काय गं?" "व्हय, तुझंच," मी म्हटलं.

मग मुंबईहून पार्सल आलं. दोन मासे, कोरल, गोगलगायी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब मिशांची एक कोळंबी. पिशवीत टाकीतलं पाणी नळीनं थेंब थेंब सोडत मी फरशीवर बसले होते, श्वास रोखून. घाई केली की मरतात. आप्पा दारात येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मिशा बघ की हिच्या. आमच्या चुलत्याच्या असल्याच हुत्या." कित्येक महिन्यांत ते आपणहून बोलले होते. मी मान वर केली नाही. केली असती तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली. जेवण तिथंच, आणि पुरं ताट. पाण्यात बोट घातलं की कोळंबी येऊन त्यांचं नख टोकरायची आणि आप्पा खुदकन हसायचे. मी कामावर गेले की टाकी त्यांच्या ताब्यात. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून काचेवरच्या खुणेपर्यंत रोज गोडं पाणी घालायचं. त्यासाठी गाळलेल्या पाण्याचा कॅन मी शेजारीच ठेवला होता.

पुढं गोगलगायी काचेवरनं सुटून वाळूत उलट्या पडायला लागल्या. कोरल मिटलं ते उघडेना. एका सकाळी कोळंबी दगडाआड मरून आडवी पडलेली दिसली. आप्पांनीच आधी बघितली. त्या दिवशी ताट अर्धं परत आलं. कोळंबी गेली तर दुसरी मिळेल, आप्पा कुठनं आणायचे?

मी मीठ तपासलं, पंप तपासला, सगळं ठीक. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. डासांचा फवारा मारलास का म्हणून नवऱ्यावर खेकसले. बिचाऱ्यानं मारला नव्हता. शेवटी पाण्यात तांबं आहे का तेही बघितलं. असल्या जिवांना तांबं म्हणजे विष. तपासणीच्या नळीतल्या पाण्याला रंग आला, म्हणजे तांबं होतं. आता टाकीत तांबं येणार कुठनं? तेवढ्यात नजर कॅनवर गेली. पाणी मी भरलं होतं तेवढंच होतं. मग आप्पा रोज घालत होते ते कुठलं?

दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही, स्वयंपाकघरात थांबले. आप्पा आले. कोपऱ्यात सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्तींचा, तांब्याचा हंडा होता. त्या गेल्यावरही आप्पा तो चिंचेनं लख्ख घासून रोज भरून ठेवायचे. त्यात त्यांनी स्टीलचा चंबू बुडवला आणि टाकीकडं निघाले.

"आप्पा, थांबा." आवाज जरा मोठाच निघाला. "कॅनमधलं का न्हाय घालत?"

"प्लास्टिकातलं शिळं पाणी त्येंना कशाला? घरातलं सगळ्यात चांगलं पाणी हाय हे."

मला थापा मारून वेळ निभावता येत नाही. सांगून टाकलं, "हंड्याचं तांबं उतरतंय पाण्यात. कोळंबीला ते सोसत न्हाय."

त्यांनी चंबू ओट्यावर ठेवला. "म्हंजे मीच मारलो व्हय तिला."

ते हंड्याकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पार पांढरा पडला.

"तुझ्या सासूलाबी शेवटपातूर ह्यातलंच पाजलो की मी. अंथरुणावर. चमच्यानं."

"माणसाला काय हुत न्हाय त्यानं, आप्पा. ते बारक्या जिवांना बाधतंय. आत्तींचा आजार येगळा हुता."

"तू म्हणणारच."

मला रागच आला. त्यांचा नाही, त्या कोळंबीचा, माझ्या खुळाचा, सगळ्याचा. चंबू उचलला आणि त्यांच्यासमोर घटाघटा प्यायला लागले. पाणी हनुवटीवरनं ओघळत होतं तरी थांबले नाही.

"आण हिकडं," आप्पा म्हणाले. चंबू माझ्या हातातनं घेतला आणि उरलेलं पाणी ते उभ्यानंच प्याले.