हेखालच्या मागची खोली

आम्हा बेने इस्रायलांत कोहेन नाहीत. कोहेन म्हणजे ज्यूंमधले जन्माने पुरोहित. हात पसरून जमलेल्या लोकांना आशीर्वाद द्यायचा अधिकार फक्त त्यांचा. त्यामुळे पनवेलच्या आमच्या सिनेगॉगमध्ये कोचीहून किंवा परदेशातून कोणी कोहेन आला, तरच हा आशीर्वाद मिळायचा. एरवी प्रार्थना चालवणारे हझान ते शब्द नुसते वाचून पुढे जायचे.

त्याचे नियम मी आठ-नऊ वर्षांचा असताना शिकलो, तेही कान पिरगाळून घेऊन. सोमवारची सकाळ होती, असाच एक कोहेन आला होता आणि मी मागच्या खोलीत मलिद्याच्या, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांच्या, ताटातले खजूर लंपास करत होतो. ही खोली हेखालच्या बरोबर मागे आहे. हेखाल म्हणजे आमचा धर्मग्रंथ तोरा ठेवतात ते पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट. कोहेन त्याच्यापुढे उभा राहतो आणि लोकांकडे तोंड करतो. बाबांनी मला कानाला धरून बाहेर आणलं आणि आपल्या प्रार्थनेच्या शालीखाली घेतलं. कोहेनच्या हातांकडे बघायचं नाही, त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, प्रत्येक ओळीनंतर आमेन म्हणायचं. घरी जाताना त्यांनी उरलेला नियम सांगितला.

"मध्ये भिंत आली तरी आशीर्वाद पोचतो. पण कोहेनच्या पाठीमागे असलेल्याला पोचत नाही."

"मग आपटा गावच्या काकांना?" मी विचारलं. बाबांचे हे चुलतभाऊ आदल्या दिवशी निरोप्याला म्हणाले होते, "आमाला कुठला येळ रं? भात खळ्यात पडलाय, त्यो सोडून येता येत नाय."

"शेतात असलेल्याला पोचतो," बाबा म्हणाले. "तो कुठल्याही बाजूला असो. त्याचा नाइलाज असतो. येणं शक्य असून जो आपल्या मर्जीने मागे राहिला, त्याला नाही."

पुढे माझी धाकटी बहीण इस्रायलला गेली आणि तिने लग्न केलं ते नेमकं एका कोहेनशी. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. भाजीवालीपासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी जावयाची जात-पात ऐकवली. त्या बिचाऱ्यांना काय कळणार, पण सगळे माना डोलवायचे. बाबांची इच्छा एकच होती. आपल्या सिनेगॉगमध्ये, आपल्या लोकांत, जावयाच्या हातांपुढे एकदा उभं राहायचं. आज येतो, उद्या येतो करत बहीण-भावोजी यायला इतकी वर्षं लागली, की तोवर बाबांना उभंही राहता येत नव्हतं आणि जावई कोण हेही आठवत नव्हतं.

मला ते कधी आपला भाऊ समजायचे, कधी रिक्षावाला. प्रार्थनेच्या मध्येच मोठ्याने विचारायचे, "चहा झाला का?" लोक हसून सोडून द्यायचे. मला हसू यायचं नाही. मी जासईला कंटेनर यार्डात कामाला आहे. दिवसभर ट्रेलरवाल्यांवर ओरडायचं आणि घरी येऊन बाबांवर, असा माझा क्रम झाला होता. त्यांची मला लाज वाटत होती. हे लिहायला जड जातंय, पण आजारपण, दमणूक वगैरे म्हणून ते झाकण्यात अर्थ नाही.

ते दोघं आले त्या आठवड्यातली शनिवारची सकाळ. ठाण्या-मुंबईहून पाहुणे आलेले, कधी नव्हे ते बाकं भरलेली. बहीण वर बायकांच्या सज्जात. मी बाबांची व्हीलचेअर पुढे नेऊन लावली. सुरुवातीलाच ते शेजारच्या म्हाताऱ्या पाहुण्याकडे बोट दाखवून ओरडले, "हा कोण? ह्याला इथे कोणी बसवलं?" मी गप्प बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी त्या गृहस्थाची बाहीच धरली. माना वळल्या. माझं डोकं फिरलं. मी खुर्ची वळवली, त्यांना मागच्या खोलीत नेलं, दाराकडे तोंड करून चाकांना ब्रेक लावला आणि बाहेरून कडी घातली.

समोरच्या ओट्यावर बसवता आलं असतं. तिथे भिंत मध्ये आली तरी चाललं असतं. पण तिथे रस्त्यावरचे डंपर, येणारेजाणारे, आणि बाबा त्यांच्यावरही ओरडले असते. मागची खोली बंद होती, एवढंच मी पाहिलं. नियम मी विसरलो नव्हतो. कडी घालताना कानाची पाळी आठवली होती.

आशीर्वादाआधी कोहेन हात धुतो. पाणी घालायला लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनिसांच्या कुळातला, लागतो, तोही आमच्यात नाही, मग आईच्या पहिल्या मुलाने घालायचं. म्हणजे मी. कडी घातलेल्या हातानेच मी भावोजींच्या हातांवर पाणी घातलं आणि समोर जाऊन, शाल डोळ्यांवर ओढून उभा राहिलो.

पहिली ओळ झाली. सगळे आमेन म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर हेखालच्या मागून एक आमेन आलं. घोगरं, पण अगदी जागेवर. दुसऱ्या ओळीला आलं. तिसऱ्यालाही आलं. मधल्या वेळात चहा नाही, आरडाओरडा नाही, काही नाही.

संपल्यावर मी धावत जाऊन दार उघडलं. बाबांनी ब्रेक काढून खुर्ची वळवली होती. भावोजींच्या पाठीकडे, भिंतीला तोंड करून बसले होते. डोक्यावरून मलिद्याच्या ताटावरचं पांढरं फडकं डोळ्यांपर्यंत ओढलेलं होतं. मला बघून ते काहीतरी म्हणाले. ते मी कोणाला सांगितलं नाही.

बहीण सज्जातून उतरली. "दादा, बाबा कुठे होते?"

"त्यांनाच नको झालं गं," मी म्हणालो. "गर्दीत घाबरतात हल्ली. स्वतःच म्हणाले, मी मागे बसतो."

तिचा चेहरा उतरला, पण तिने विश्वास ठेवला. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तू किती करतोस त्यांचं." मी ते ऐकून घेतलं.

चार महिन्यांनी बाबा गेले. सात दिवसांचं सुतक संपलं त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिचा आवाज रडून बसला होता.

"दादा, एक गोष्ट मनातून जात नाहीये. ह्यांना विचारलं मी. हे म्हणतात, मर्जीने मागे बसले असतील तर त्यांना आशीर्वाद लागला नाही. नाइलाज असता तर लागला असता. आयुष्यभर त्याचीच वाट पाहिली ना रे त्यांनी? आणि त्या दिवशीच असं कसं सुचलं त्यांना?"

मला गप्प राहता आलं असतं. तिने मला चांगला भाऊ म्हणूनच धरलं असतं आणि बाबा तिच्या मनात कायमचे आशीर्वादाबाहेर राहिले असते. बायको समोर बसली होती, तिलाही मी तीच थाप मारली होती.

"ते स्वतः बसले नव्हते," मी म्हणालो. "मी नेऊन बसवलं. ब्रेक लावला. बाहेरून कडी घातली."

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून आत गेली. मी फोनवर आमेनचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, खुर्ची वळवल्याचं सांगितलं.

"मग पोचला त्यांना," बहीण शेवटी म्हणाली. ती रडत होती आणि तिला माझा रागही आला होता, दोन्ही ऐकू येत होतं. "दार उघडलंस तेव्हा काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्या दिवशी बाबांनी मला बरोबर ओळखलं होतं. फडकं वर करून त्यांनी विचारलं होतं, "तू पुढे उभा होतास ना? मागे नाही ना राहिलास?"

मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग बरं."