माणिकराव आणि सहकारी

भजन मंडळात शिरलं की भजनं शिकायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमतात! आमचं मंडळ पवनारचं. माणिकराव गातात, मी पेटीवर, दोघं टाळावर आणि खंजिरीला मनोहरभाऊ. भाऊंचं रस्त्याला पंक्चरचं दुकान आहे. आजचे किस्से सगळे त्यांचेच.

*

भजन स्पर्धेत निवेदकाचं वाक्य ठरलेलं असतं: "आता येत आहेत माणिकराव आणि सहकारी!" वर्षानुवर्षं हेच. एकदा सेवाग्रामकडच्या एका गावात मनोहरभाऊ सरळ निवेदकाजवळ गेले.

"माह्यं नाव मनोहर हाय. एकदा माइकवर घेजा ना बाप्पा."

तो गडी भला होता. त्यानं लगेच घोषणा केली, "आता येत आहेत मनोहर आणि सहकारी!"

परतीच्या वाटेवर माणिकराव आम्हाला सोडून पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.

*

मग पेपरात फोटो आला. बक्षीस उत्तेजनार्थ, पण फोटो रंगीत! त्यात माणिकराव पूर्ण, मी अर्धा आणि मनोहरभाऊंचा फक्त हात, खंजिरीसकट. भाऊंनी तो दुकानात चिकटवला आणि ते गिऱ्हाइकाला मनगटावरचं घड्याळ दाखवून ओळख पटवायला लागले.

वहिनी म्हणाल्या, "घड्याळ माह्या भावानं देल्लं. मंग पेपरात तोच आला म्हणा."

*

त्यानंतर भाऊंनी मनाशी पक्कं केलं, की जोरात वाजवल्याशिवाय लोक बघत नाहीत. पुढच्या स्पर्धेत अशी खंजिरी झोडली, की माणिकरावांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. टाळ्या भरपूर पडल्या.

येताना गाडीत पवनारचा पूल आला तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, "टाळ्या भेटल्या राजा, पण भजन कुठं गेलं?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी ते धाम नदीच्या काठी जाऊन एकटेच वाजवायला लागले. ऐकायला फक्त म्हशी.

*

यंदा जाम गावच्या स्पर्धेत ज्येष्ठ वादकांचा सत्कार होता आणि त्यात आमचे मनोहरभाऊ! नाव माइकवर, वर शाल नि श्रीफळ. वहिनींनी नवीन सदरा शिवून घेतला होता.

आम्ही मंडपामागे बसलो होतो. दमट हवेनं खंजिरीचं चामडं सैल पडलेलं. भाऊंनी कागद पेटवून ते शेकवलं आणि थाप देऊन पाहिली. काय आवाज लागला! माणिकरावांना राहवेना, ते गायलाच लागले, मीही पेटी धरली. भाऊंची हलकी थाप त्यांच्या आवाजाखालून अशी चालली, की माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा बोलला, "खंजिरीवादक मनोहरराव, कृपया मंचावर यावं."

मी पेटी थांबवली. भाऊंनी डोळे न उघडताच मानेनं खुणावलं, वाजव. भोंग्यानं पुन्हा नाव घेतलं. मग मनोहरराव आलेले दिसत नाहीत म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

भजन संपलं. भाऊंनी डोळे उघडले.

"कोणाचं नाव घेऊन राह्यले होते?"

"तुमचंच, भाऊ."

"हो का?" ते म्हणाले. "बरं, शेवटचं कडवं पुन्हा घ्या. थाप जराशी मांगं राह्यली."