पेरूच्या वड्या

कसबा पेठेतल्या बेकरीच्या भट्टीवर मी घरची नानकटाई भाजून घ्यायला गेलो होतो. बाकावर नऊवारीतल्या एक बाई बसल्या होत्या. पेरूचा गर घातलेल्या त्यांच्या वड्या भट्टीत होत्या. गोड वास सुटला तसे त्यांनी डोळे मिटले.

"बागेतले शेवटचे पेरू हायेत," त्या म्हणाल्या. "धायरीची जमीन बिल्डरला दिली."

माझा चेहरा उतरला. आयटीतली नोकरी लागल्यावर मी फ्लॅट बुक केला होता, तो धायरीत पेरूची बाग तोडून होणाऱ्या इमारतीत, म्हणजे त्याच जमिनीवर. मी चाचरत तसं सांगितलं.

मग ट्रे बाहेर आल्यावर पहिली वडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"खिडकी उगवतीची घ्या. सकाळचा वारा तिकडनंच येतो."

दुसऱ्याच दिवशी मी फ्लॅट बदलून उगवतीच्या खिडकीचा घेतला. आता तिथं राहतो; सकाळी वारा खरंच येतो.