आक्कांच्या अखंड काठ्या

आक्कांच्या गाडीत आधी काठ्या निजायच्या, मग माणसं. काठ्या म्हणजे गळाच्या. चिव्याच्या भरीव बांबूच्या, बारा फुटी, अखंड. आणि गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी रुग्णवाहिका. आक्का कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात सिस्टर, त्यांचे यजमान भाऊ तिथेच ड्रायव्हर. सुट्टी मिळाली की दोघं स्टोव्ह, पातेली, अंथरूण गाडीत टाकायचे आणि राधानगरीच्या नाहीतर कुरुंदवाडच्या पाण्यावर मुक्काम ठोकायचे. मी आक्कांच्या हाताखालची सिस्टर, त्यामुळे कधी कधी माझीही वर्णी लागायची. नव्वदच्या सुमाराला बाईमाणसानं गळ टाकून बसलेलं लोकांना बघवत नव्हतं. आक्कांना लोक बघवत नव्हते, एवढाच फरक.

गाडी घेतली तेव्हा काठ्या आत मावेनात. ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा आडवा येत होता. वेल्डर म्हणाला, काठ्या मधोमध कापून जोड द्या, काम सोपं होईल. आक्का त्याला म्हणाल्या, "पावणं, गाडी कापा. काठी न्हाय." पत्रा कापला गेला. डाव्या खिडक्यांखाली घोंगडं ठोकलेली अरुंद फळी बसली आणि तिच्यावर काठ्या पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत आडव्या पडल्या. पुढं बसणाऱ्यानं अंग चोरून बसायचं. भाऊ हसून म्हणायचे, "आमच्या घरात आहेर काठ्यांना, मानपान काठ्यांना."

काठ्यांचे नियम दवाखान्यातल्या नियमांपेक्षा कडक होते. गाडी सुरू व्हायच्या आधी गळ सोडून जुन्या स्लिपरच्या रबरात टोचून ठेवायचे. काठी कोरड्या फडक्यानं पुसल्याशिवाय फळीवर जाणार नाही. आणि ती कधीही उभी ठेवायची नाही, कारण उभी ठेवलेली काठी आपल्याच वजनानं वाकते. एकदा चहा करता करता मी एक काठी झाडाला टेकवून ठेवली. आक्का तिथूनच म्हणाल्या, "शिक्षा केलीयास व्हय तिला? आडवी कर." मी चहा सोडून आधी ते केलं.

जोड का नको, तेही त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "मासा शेंड्याला बोलतोय, ते बुडाला ऐकू याय पायजे. मधी सांधा आला की बोलणं तुटलं." मला कधी काही ऐकू आलं नाही. त्यांच्या गळाला मरळ लागायची आणि माझ्या गळाचं गांडूळ खेकडे खाऊन जायचे.

निपाणीकडं जाताना नाक्यावर एका हवालदारानं गाडी थांबवली. आत डोकावून म्हणाला, "पेशंट कुठाय?" आक्का म्हणाल्या, "मीच की. पाण्यावर न्हाय गेले तर आजारी पडती." त्यानं काठ्यांकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं आणि गाडी सोडली.

भाऊ गेले ते अचानक, झोपेतच. महिनाभरानं दीर आले, त्यांना सगळे नाना म्हणत. म्हणाले, "वहिनी, आता ही गाडी काढून टाका. एकट्या बाईनं असं फिरणं शोभंल का?" आक्का म्हणाल्या, "शोभायचं मी बघती. तुम्ही जेवून जावा." नाना जेवून गेले आणि पुढच्या सोमवारी पन्नाशी उलटलेल्या आक्का ड्रायव्हिंग शिकायला गेल्या. कळंब्याच्या रस्त्यावर त्यांच्या शेजारी बसून मी जेवढा देव आठवला तेवढा आयुष्यात आठवला नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि मुलगा सुहास त्यांना पुण्याला न्यायला आला. त्यानं सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आक्कांची एकच अट, काठ्या बरोबर येणार. काठ्या लिफ्टमध्ये मावत नव्हत्या, म्हणून आक्का येत नव्हत्या. मला वाटतं, त्यांना ती अडचण मनापासून आवडली होती.

सुहास आईवर जीव टाकणारा पोरगा. दिवाळीला आला, आई बाजारात गेली असताना गुपचूप काठ्या हुपरीला घेऊन गेला आणि ओळखीच्या कारागिराकडून त्यांचे तीन-तीन तुकडे करून त्यांना चांदीचे सुबक सांधे बसवून आणले. पाडव्याला त्यानं ते आईसमोर ठेवले. असली चूक प्रेमाशिवाय होत नाही, म्हणून तर तिला ओरडताही येत नाही. आक्कांनी एक तुकडा उचलला, सांध्यावरून बोट फिरवलं. "पैंजणं चांगली हायती," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चार दिवसांनी त्या एकट्याच गगनबावड्याकडं गेल्या आणि हिरवेगार चार बांबू घेऊन आल्या. फळीवर आडवे मांडले. हे वाळून काठी व्हायला वर्ष जाणार होतं. सुहास काकुळतीला आला. "आई, तुझी तब्येत बघ. वर्षभर कुठं थांबतेस?"

"मग बांबूला सांगू व्हय, लौकर वाळ म्हणून?"

तो एकटाच पुण्याला परत गेला. आक्का रोज गाडीचं मागचं दार उघडून बांबूंना वारा द्यायच्या, त्यांची कूस बदलायच्या. छातीचं दुखणं वाढत होतं. मी औषधांवरून भांडायचे, त्या मला बांबूचा बदलता रंग दाखवायच्या. पावसाळा सरला आणि आक्का गेल्या. बांबू अजून पुरते वाळले नव्हते. मला आजही त्याचा राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

पुण्यानुमोदनाची जेवणं झाल्यावर नाना गिऱ्हाईक घेऊनच आले. कागलचा एक माणूस होता, त्याला माल वाहायला गाडी हवी होती. त्यानं मागचं दार उघडलं आणि बांबू काढून घ्या म्हणाला. नाना म्हणाले, "एवढं लांब कुठं ठेवायचं? करवत आणा, दोन तुकडं करू."

सुहास हातातलं ताट खाली ठेवून उठला. पाव्हण्याला बाजूला करून त्यानं गाडीचं दार हळूच लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"गाडी द्यायची न्हाय, काका."

"आरं, सौदा ठरलाय न्हवं?"

"मोडा," सुहास म्हणाला. "आत बांबू वाळतोय."