थेडाबाईंचं रविवारचं मीटर

ब्रेमेनच्या बागवसाहतीत, म्हणजे शहरकरांनी भाड्याने घेतलेल्या छोट्या बागांत, विजेची मीटरं तपासायचं काम आयलर्ट हार्येस यांच्याकडे आलं, ते दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून. आयलर्टनी मात्र त्याचं व्रत करून टाकलं. जन्मभर पाणीखात्यात गळत्या शोधल्यामुळे कुठेतरी पाणी मुरतंय अशी त्यांची कायम खात्री असे. काही माणसं ताक फुंकून पितात; हे ताक वाढणाऱ्याकडेही रोखून बघत. शेजाऱ्याने टोमॅटो दिले, तरी "का दिले असतील?" म्हणून दोन दिवस खात नसत.

२०१४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नजरेत भरल्या थेडा ओस्टरलो, एकट्या राहणाऱ्या एक विधवा बाई. त्यांच्या बागेतल्या खोपीत मुक्कामाला कोणी नसायचं, तरी फाटकाजवळच्या मीटरची चकती मुंगीच्या पावलांनी अखंड फिरत होती. आणि दर रविवारी चारच्या ठोक्याला थांबत होती. कुंपणाची उंची मोजायचं सोंग करून आयलर्ट तीन रविवार तिथे उभे राहिले. बाई त्या वेळात मीटरला बगल देऊन वीज ओढतात, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

चौथ्या रविवारी ते सरळ खोपीत शिरले. थेडाबाईंच्या हातात नुकताच उपटलेला प्लग होता. टेबलावर एक छोटा संगणक, एक पंखा आणि बोटाएवढ्या दहा यूएसबी कांड्या.

"हे काय चाललंय?"

"बिटकॉइन खणतात म्हणे. आमच्या विल्कोने लावलंय. गेल्या वर्षी एकेक कांडी ऐंशी युरोला घेतली त्याने. हॅम्बुर्गला घरात पंख्याची घरघर नको, म्हणून इथे."

"म्हणजे कमाई त्याची, बिल तुमचं. किती पाडतात या?"

"हल्ली दिवसाला चार सेंट, म्हणत होता."

"आणि पैसे पाडतात तर बनवणारा त्या विकतो कशाला, थेडाबाई? सोन्याची अंडी देणारी कोंबडी कोणी बाजारात नेतं का?"

"ते मला नका विचारू. मी फक्त रविवारी बंद करते."

"का पण?"

थेडाबाई जरा लाजल्या. "बंद पडलं की त्याला तिकडे कळतं. मग फोन येतो, आई, मशीन बघ गं जरा. मी सावकाश बघते. ही वायर काढ, ती लाव. पाऊण तास जातो, मग नातीच्या शाळेचंही निघतं. एरवी त्याचा फोन नाताळला."

आयलर्टना हे काही झेपलं नाही. त्यांना दिसला तो आईच्या जिवावर उठलेला पोरगा. त्यांनी पेन्सिल काढली. वीज दिवसाला तेवीस सेंटची, कमाई चार सेंट. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. इतक्यात फोन वाजला आणि बाईंनी हात पुढे करायच्या आत त्यांनीच तो उचलला.

"मी मीटर बघणारा हार्येस. तुमच्या चार सेंटांपायी आईचे रोज तेवीस जातात. जरा लाज बाळगा."

त्यांना भांडण हवं होतं. विल्को मात्र ओशाळला. "अरेरे, बिलाचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. कांड्यांनाही आता कोणी आठ युरो देत नाही. आईला म्हणावं, टाकून दे सगळं. बरं झालं सांगितलंत." आणि फोन ठेवला. सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल.

पुढच्या रविवारी चारला आयलर्ट पुन्हा गेले. चकती गप्प होती. थेडाबाईंनी कॉफी ओतली, आलुबुखाऱ्याचा केक कापला. फोन बशीला खेटून ठेवला होता. साडेचार वाजले. आयलर्टना आयुष्यात पहिल्यांदाच आपण बरोबर असल्याची शरम वाटली.

"येईल फोन," ते म्हणाले.

थेडाबाईंनी फोन उचलून पिशवीत टाकला.

"आयलर्ट, माझे रोजचे तेवीस सेंट वाचतात आता," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय करू, तेवढं सांगून जा."