डेक्लनची शांतता

माणूस एकदा रेडिओवाल्यांच्या नादी लागला की किस्से साठायला वेळ लागत नाही. मी जर्मनीत, एश्बॉर्नमध्ये आयटीतला साधा कन्सल्टंट. शनिवारी मात्र फ्रँकफर्टच्या एका हौशी रेडिओ स्टेशनवर रेकॉर्डिंगची बटणं सांभाळायचो. तिथला प्रोड्युसर डेक्लन, आयरिश. जर्मन बायकोपायी इथे आला आणि भुताखेतांच्या श्रुतिका लिहीत म्हातारा झाला. त्याने मला पार बिघडवलं!

*

डेक्लनची एक खोड होती. कुठेही रेकॉर्डिंग असो, आधी त्या खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करायची. संवाद जोडताना मधल्या जागा भरायला ती लागते. "प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते," म्हणायचा. त्या मिनिटात कुणी हललं की गरजायचा, "रूऽहे!" म्हणजे, गप्प!

*

एकदा शवपेटीचं झाकण पडल्याचा आवाज काही जमेना. आमचा मित्र सचिन र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर, गाड्यांच्या दारांचे आवाज तपासणं हेच त्याचं काम. त्याने स्वतःच्या जुन्या गाडीचं दार लावून दिलं. डेक्लन खूश! श्रुतिका ऐकून सचिनची बायको म्हणाली, "आल्झो, म्हणजे यापुढे मी एस-बान लोकलनेच जाणार!"

*

डेक्लनची बायको हेल्गा प्रत्येक रेकॉर्डिंगला कोपऱ्यातल्या खुर्चीत विणत बसायची आणि नेमकी शांततेच्या मिनिटात खोकायची. हा ओरडायचा आणि खोकला कापून टाकायचा.

ती वारल्यावर एकदा कॉफी पिताना म्हणाला, "अख्ख्या शहराचे आवाज साठवले मी. तिचा एकही नाही. होता तेवढा कापला." मला फार वाईट वाटलं.

*

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांच्याकडून हडळीची गोष्ट रेकॉर्ड करायला डेक्लन घरी आला. आधी अर्थातच शांतता! घरात आम्ही तिघंच.

तो गेल्यावर सासूबाई रागावल्या. "अहो जावईबापू, त्या बाईंना पाणी तरी विचारायचं! केवढ्या खोकत होत्या."

"कुठल्या बाई?"

"दाराशी लोकर घेऊन बसलेल्या."

हेल्गाबद्दल मी त्यांच्याकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

डेक्लनला सांगितलं, तर त्याने ते मिनिट पुन्हा पुन्हा ऐकलं. नुसती फ्रिजची घरघर! त्याच्याकडे बघवेना.

*

मग स्टेशनची जागा सोडायची वेळ आली. शेवटची दुपार. सामान हललं होतं, स्टुडिओत फक्त एक माइक आणि हेल्गाची खुर्ची. डेक्लन म्हणाला, "या खोलीची शांतता घेऊन जातो."

आम्ही दोघं बटणांच्या खोलीत, काचेच्या अलीकडे बसलो. आतलं दार बंद केलं, हेडफोन चढवले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

काही वेळ काहीच नाही. मग खुर्ची करकरली आणि कुणीतरी खोकलं.

काचेपलीकडे खुर्ची रिकामीच होती. सवयीने माझा हात रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाकडे गेला, तर डेक्लनने तो धरला. मग आतल्या स्पीकरवर बोलायचं बटण दाबून तो अगदी हळू म्हणाला,

"खोक गं, हेल्गा. आता नाही कापणार."