तिन्हीसांजेची फुंकर

परवा नातवाच्या स्कूटरवर मागे बसून पेट्रोल पंपावर गेले. तो वास नाकात शिरला आणि मी थेट रत्नागिरीच्या आमच्या अंगणात पोचले, ऐन तिन्हीसांजेला.

माझं नवंनवं लग्न झालं होतं. ह्यांनी चिपळूणपर्यंत प्रवासी मोटार सुरू केली होती. पेट्रोलचे डबे मुंबईहून गलबतातून यायचे आणि आमच्या पडवीत रचले जायचे. "त्याची वाफ दिसत नाही, पण जमिनीवरून सरपटत विस्तवापर्यंत जाते," असं ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं.

त्या दिवशी सासूबाई तेवतं निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या, आणि मला वास आला. खाऱ्या हवेने गंजलेल्या एका डब्याखालचं सारवण भिजून काळं पडलं होतं. मी धावले आणि निरांजनावर फुंकर मारली.

"तिन्हीसांजेला दिवा फुंकलास? कळतंय का काय करत्येस?"

मी भिजलेली जमीन दाखवली. त्या वाकल्या, वास घेतला आणि दिरांना हाक मारली.

दिरांनी डबा माडांपलीकडे नेला, ओलीवर वाळू टाकली. मी चुलीवर पाणी ओतलं. वारा सुटून वास जाईपर्यंत आम्ही सगळे अंधारात बसून राहिलो. फुंकर मारताना पाप वाटलं होतं. आज वाटतं, माझ्या हातून घडलेली ती सगळ्यात मोठी पूजा.

शेवटी सासूबाईंनी निरांजन माझ्यापुढे धरलं. "आता तूच लाव. कधी लावायचं, तेही तूच सांग."

मी पडवीत जाऊन जमिनीशी नाक नेलं, सगळ्यांना थोडं थांबवलं, आणि मग तुळशीपाशी येऊन ऐटीत काडी ओढली.